मंगळवारी समुद्र बंद का नसावा?

(चिमूर तालुक्यातल्या एका वाचनालयातील व्याख्यान, संपादित)

अध्यक्षांनी मघाशी विचारलं, 'समुद्र कुठं, आपण कुठं, आणि प्रवाळ काऊन?' रास्त आहे. पण मंडळी, मंगळ कडक म्हणून पोवळं घातलेली चार-पाच बोटं मला इथूनही दिसतायत. (हशा) ते लाल पोवळं भूमध्य समुद्राकडचं, खोल पाण्यातलं. मी बोलणार ते आपल्या उथळ पाण्यात खडक बांधणाऱ्या प्रवाळांबद्दल. दोन्ही प्राणीच बरं का. दगड समजलं की घोळ सुरू.

तो घोळ मी मालवणला पाहिला. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी थांबली, होडीवाल्यानं नांगर सोडला, तो थेट खडकावर. होडीत वर्धा, नागपूर, सगळे आपलेच. कुणीतरी विचारलं, 'मासे दिसतील ना जी?' तो म्हणाला, 'दिसतले!' आणि पिशवीतून पाव काढला. पाव कुस्करताच पट्टेवाल्या माशांची अशी झुंबड उडाली की मोबाइल बाहेर आलेच. आता शेवाळ चरून प्रवाळाला जागा मोकळी ठेवायची हे काही माशांचं रोजचं काम. त्यांना पावाची चटक लावली तर चरणार कोण? पण हे तिथं सांगायचं कसं, पाण्यात डोकं घालून श्वास घ्यायची नळी तोंडात!

तेवढ्यात आपल्याकडचा एक गडी पोहून दमला आणि सरळ प्रवाळावर उभा राहिला. वर आनंदानं ओरडतोय, 'अरे, इथं पाय टेकतात!' मी नळीतून ओरडलो, पण बाहेर नुसतं घूं घूं. त्याला वाटलं मी बुडतोय; मलाच धरायला आला, आणखी दोन पावलं खडकावर टाकत. (हशा) किनाऱ्यावर आल्यावर म्हटलं, भाऊ, ताडोब्यात जिप्सीतून खाली उतरतोस का? 'छे! वाघ खाईल ना.' घ्या. प्रवाळ कुणाला खात नाही, एवढाच त्याचा गुन्हा. कायद्यानं मात्र दोघे शेजारी: १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, आणि खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून आहेत. त्या जागी मालवणचं सागरी अभयारण्यही १९८७ पासून आहे. होडीत कुणाला ठाऊक नव्हतं.

सचिवबाई घड्याळ दाखवतायत, आणि मुद्दा तर राहिलाच. भराभर सांगतो.

पहिलं, ताडोब्याच्या आपल्या कोलारा गेटावर जे चालतं ते समुद्रावर आणा. गाड्या मोजून, गाइड सोबत, मंगळवारी बंद, पावसाळ्यात कोअर, म्हणजे आतलं जंगल, बंद. अंदमानला वंडूरच्या सागरी उद्यानात हे थोडंफार होतंच: जॉली बॉय बेट खुलं असेल तेव्हा रेड स्किन बंद, मग उलट, प्लास्टिक न्यायचं नाही. थायलंडच्या माया बे या खाडीत दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसं यायची. २०१८ मध्ये बंद केली, जानेवारी २०२२ मध्ये उघडली ती होड्यांना आत मज्जाव करून. मधल्या काळात काळ्या टोकाचे शार्क परतले.

दुसरं, मालवणच्या मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला, आणि मला तो कळतो. बफरमधल्या, म्हणजे जंगलाच्या कडेच्या, गावांनाही जंगल आपलं वाटलं ते गाइडचे पैसे घरात यायला लागल्यावर. तिकिटातला वाटा आधी कोळीवाड्याला द्या, नियम मग सांगा.

तिसरं, पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या अंगात राहून त्याला पोसणारं सूक्ष्म शेवाळ (माशांनी चरायचं ते वेगळं) बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ मध्ये हेच झालं. त्याला कुठलंच गेट अडवत नाही. पण आधीच नांगरानं तुटलेला खडक त्यातून सावरणार कसा?

दिवाळीत मालवणला जाणार असाल तर होडीत पाय ठेवण्याआधी विचारा, 'नांगर टाकता की बोयाला, म्हणजे पाण्यावरच्या कायमच्या तरंगत्या खुणेला, बांधता?' उत्तर ऐकून बसा किंवा पुढची होडी बघा. प्रश्न चहावर घेऊ, बाईंनी लाइटच्या बटणावर हात ठेवलाय.