मिलामची बंद खिंड

नमस्कार श्रोतेहो. उत्तराखंडात मुन्सियारीहून गोरी नदीच्या काठानं वर चढत गेलं, की मिलाम गाव लागतं. हिमनदीच्या ट्रेकला जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी ते पाहिलं असेल. पडक्या दगडी भिंतींच्या ओळी, आणि आत वाढलेलं गवत. हे गाव १९६२ च्या युद्धानं ओस पाडलं. आणि लढाई तर इथं झालीच नाही. ती झाली लडाखमध्ये आणि आजच्या अरुणाचलात!

हे जोहार खोरं. इथले शौका लोक उन्हाळ्यात बर्फ वितळलं, की शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर धान्य, गूळ, कापड लादून पश्चिम तिबेटात ग्यानिमाच्या बाजारी जात. येताना मीठ, लोकर, टाकणखार आणत. तिकडे प्रत्येकाचा ठरलेला 'मित्र' असे, पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याशीच व्यवहार. थंडीत सगळं बिऱ्हाड खाली उतरे आणि संक्रांतीला बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत माल विकला जाई. १८६६ मध्ये वेष पालटून ल्हासा गाठणारे आणि त्याचं नेमकं स्थान मोजून आणणारे नैनसिंह रावत याच खोऱ्यातले.

१९५४ च्या भारत-चीन करारात तिबेटशी ये-जा करायच्या सहा खिंडींची नावं होती. त्यात जोहारची कुंगरी बिंगरीही होती. आठ वर्षांची मुदत जून १९६२ मध्ये संपली, करार पुन्हा झाला नाही. ऑक्टोबरात युद्ध पेटलं आणि वाट बंद झाली ती झालीच.

त्याच महिन्यात भारत-तिबेट सीमा पोलीस दल उभं राहिलं. १९६७ मध्ये या समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. मुलं शिकली, नोकऱ्यांसाठी खाली शहरांत गेली. त्यांचं भलं झालं, याचा आनंदच आहे. पण सीमेवर चौकी आली आणि गाव उठलं, याची मला फार खंत वाटते. खिंडीतलं अनोळखी पाऊल मेंढपाळाच्या नजरेतून सुटत नसे. वस्ती टिकावी म्हणून सरकारनं २०२३ मध्ये सीमेवरच्या गावांसाठी ४,८०० कोटींची 'व्हायब्रंट व्हिलेजेस' योजना मंजूर केली. रस्ते तर पाहिजेतच. पण मिलाममध्ये बारमाही वस्ती कधीच नव्हती. माणसं दर उन्हाळ्यात वर चढत, ती तिबेटच्या बाजारासाठी.

ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी तीन खिंडींतून व्यापार पुन्हा सुरू करायचं ठरवलं: लिपुलेख, शिपकी ला, नाथू ला. कुंगरी बिंगरीचं नाव त्यात नाही.