गुरुवारचा प्रश्न

(पुण्यातल्या एका व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'तरुणांचं धोक्याचं मद्यपान आणि मोबाइल'. मघाशी दाराशीच एका आजोबांनी मला अडवलं. मोबाइलच्या मदतीनं पिणं आटोक्यात आणता येतं, हे माझं म्हणणं त्यांना पटलेलं नाही. म्हणाले, "एक व्यसन सोडवायला दुसरं लावणार होय?" आजोबा पहिल्या रांगेत बसलेत. त्यांना उत्तर द्यायचं आहे, पण त्याआधी थोडं वेगळं बोलते.

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून एक आई माझ्याकडे आल्या. मुलगा तेवीस वर्षांचा, हिंजवडीत नोकरीला, कर्वेनगरला चार मित्रांबरोबर फ्लॅटमध्ये राहणारा. शनिवारी रात्री दीड वाजता पौड रोडवर त्याची बाइक घसरली आणि गळपट्टीचं हाड मोडलं. मागे बसलेल्या मित्राला खरचटण्यावर भागलं. बाईंनी पदराचा बोळा मुठीत धरला होता. म्हणाल्या, "मॅडम, खरं सांगा, माझा पोरगा दारुडा झालाय का?"

मी सगळी चौकशी केली होती. मुलगा दारुडा नव्हता. सकाळी उठून हात थरथरत नव्हते, कामावर खाडा नव्हता, सोमवार ते शुक्रवार थेंब नाही. मी "नाही" म्हटलं आणि त्या माउलीचा जीव भांड्यात पडला. "मग काही नाही," असं म्हणत त्या उठल्यासुद्धा. त्या 'काही नाही'नं माझी झोप उडवली. मुलगा थोडक्यात वाचला होता आणि आम्ही दोघींनी मिळून त्याला निर्दोष ठरवून टाकलं होतं.

आपल्याकडे माणसं दोनच. एक 'घेत नाही' आणि दुसरा 'दारुडा', 'बेवडा', म्हणाल ते. मधल्या माणसाला नाव नाही. फार तर 'कधीमधी घेतो' म्हणतो आणि विषय मिटवतो. दारुड्यासाठी या शहरात दार उघडं आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथून किती घरं पुन्हा उभी राहिली ते इथे बसलेल्यांना माहीत आहे. पण शनिवारी रात्री दीडला पौड रोडवरून बाइक हाकणारा मुक्तांगणला कशाला जाईल? आपलं नाव त्या पाटीवर नाही, असंच त्याला वाटतं. डॉक्टरलाही तो सांगत नाही. महाराष्ट्रात बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षं पुरी लागतात. तेविसाव्या वर्षी व्हिस्की पिणारा मुलगा कायद्यानंच चोरटा झालेला, तो तोंड कसं उघडणार?

मग मीच त्या फ्लॅटवर गेले. पर्समध्ये एकच हत्यार होतं, खोकल्याच्या औषधाबरोबर मिळतं ते प्लास्टिकचं छोटं माप. पाच पोरं, ओट्यावर कांद्याची सालं, सिंकमध्ये दोन दिवसांची भांडी. मी म्हटलं, दारू नको, माठातलं पाणी घ्या आणि रोजच्या ग्लासात रोजच्या अंदाजानं एक 'स्मॉल' ओता. स्मॉल म्हणजे तीस मिलि, हे पाचांनाही पाठ. प्रत्येकानं ओतलं आणि मी दहा-दहा मिलिनं मोजत गेले. पहिल्याचं पंचेचाळीस भरलं, दुसऱ्याचं पन्नास. तिसरा हुशार, त्यानं बघूनबघून ओतलं, तरी चाळीस. हाड मोडलेल्या आमच्या चिरंजिवांनी डाव्या हातानं स्टीलच्या ग्लासात ओतलं. माझं माप नऊ वेळा भरलं. नव्वद! तो ग्लासाच्या तळाकडे बघत म्हणाला, "मावशी, पण मी तर फक्त तीनच घेतो."

खोटं बोलत नव्हता हो तो. तीनच घेत होता. पण त्याचे तीन म्हणजे दोनशे सत्तर मिलि, अख्खी क्वार्टर आणि वर अर्धी. आता हिशेब ऐका, कारण माझं सगळं म्हणणं या हिशेबावर उभं आहे. आपल्याकडची व्हिस्की-रम साधारण ४२.८ टक्क्यांची. तिच्या तीस मिलिमध्ये शुद्ध अल्कोहोल जवळपास १० ग्रॅम. म्हणजे १८० मिलिच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्यायला जड मद्यपान म्हणते. ती जिनिव्हात आखलेली रेघ आपल्या क्वार्टरवर बरोब्बर येऊन बसते! या मुलाच्या पोटात दर शनिवारी ९० ग्रॅम जात होतं. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निकालात काढतं. आठला बसलेला मुलगा दीडला शुद्धीवर असेलच कसा? आणि 'बिअर म्हणजे काय दारू आहे का' म्हणणाऱ्यांसाठी, आठ टक्क्यांच्या स्ट्राँगची ६५० मिलिची एक बाटली म्हणजे चार स्मॉल पेग. चार.

(इथे संयोजकांची चिठ्ठी आली.) दहा मिनिटं उरलीत म्हणे. म्हणजे मोबाइलचं भरभर सांगायला हवं.

आजोबा, तुमचं उत्तर. अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये रुग्णालयांच्या अपघात विभागात आलेल्या १८ ते २५ वयाच्या ७६५ मुलामुलींवर एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१४-१५ मध्ये आले. ॲप वगैरे काही नाही, साधे मेसेज, बारा आठवडे. गुरुवारी प्रश्न, या शनिवार-रविवारी किती घेणार? जास्त घ्यायचा बेत असेल तर पुढचा प्रश्न, मर्यादा घालायला तयार आहेस का? रविवारी, किती झाली? ज्यांना उत्तरावर प्रतिसाद मिळत गेला त्यांचं जड पिणं कमी झालं आणि नवव्या महिन्यातही फरक टिकून होता. ज्यांना नुसतंच विचारलं, पण प्रतिसाद दिला नाही, त्यांच्यात तो फायदा दिसला नाही.

स्वित्झर्लंडमध्ये १७७० विद्यार्थ्यांवर एका ॲपची चाचणी झाली, २०२३ साली छापून आली. आपण किती पितो, आपल्या वयाचे बाकीचे खरोखर किती पितात, रक्तात अंदाजे किती चढली असेल, आज गाडी कोण चालवणार, हे सगळं त्या ॲपमध्ये होतं. वर्षभरात ॲपवाल्यांचं आठवड्याचं पिणं ॲप न मिळालेल्या गटापेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी कमी राहिलं. दहा टक्के थोडे वाटतात. पण फुकटात, खिशात, कुणासमोर मान खाली न घालता मिळालेले दहा टक्के मला मोलाचे वाटतात.

आता उलटी बाजू, ती लपवणार नाही. स्वीडनमध्ये २०१४ साली रक्तातलं दारूचं प्रमाण दाखवणारं एक ॲप विद्यार्थ्यांना दिलं, तर मुलांचं पिणं घटायच्या ऐवजी पिण्याच्या वेळा वाढल्या. मुलांनी आकड्याचा खेळ केला असेल, असा आपला माझा तर्क. आकडा दाखवून सोडून द्यायचं नसतं. आणि आपल्याकडे तो आकडा गाडीच्या किल्लीशी जोडता कामा नये. रक्ताच्या १०० मिलिमध्ये अल्कोहोल ३० मिलिग्रॅमच्या वर असताना गाडी चालवली की गुन्हा, पहिल्या वेळी दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. घेतली असेल तर किल्ली दुसऱ्याकडे, मोबाइल काहीही दाखवो.

दुसरी गोष्ट. ज्याला सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाहीत, त्याच्यासाठी हे ॲप-बिप नाही. त्यानं एकट्यानं एकदम सोडली तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. त्यानं डॉक्टरकडेच जायचं. १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, लिहून घ्या. घरच्यांनीही फोन केला तर चालतो.

माझी तक्रार एवढीच की मी पाहिलेली ॲप्स इंग्रजीत. चित्रं वाइनच्या उंच ग्लासांची, मापं पाइंटची. आमच्या पोरांना क्वार्टर कळते, नाइंटी कळते, टपरीमागचा प्लास्टिकचा ग्लास कळतो. हे मराठीत करायला पुण्यात इंजिनिअर कमी आहेत का? सभागृहात कुणी असेल तर मला भेटा. हिशेब, मापं, प्रश्नांचे शब्द, सगळं माझ्या वहीत तयार आहे. कोण किती पितो ही माहिती मात्र कंपनीकडे किंवा आईबापाकडे जाणार नाही, अशी सोय आधी करायची. ती नसेल तर खरं कुणी भरणार नाही.

तोवर त्या पाच पोरांनी आपली सोय केली आहे. त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. दर गुरुवारी संध्याकाळी सातला पाळीपाळीनं एक जण विचारतो, "शनिवारी किती? किल्ली कुणाकडे?" रविवारी उत्तरं येतात. माझं ते प्लास्टिकचं माप त्यांनी परत दिलेलं नाही, ओट्यावर ग्लासांशेजारीच असतं. आज गुरुवार आहे, सात वाजून गेले. आज विचारायची पाळी आमच्या हाडवाल्याची.

हॉल साडेआठला रिकामा करायचा आहे. ज्यांना विचारायचंय त्यांच्यासाठी मी बाहेर व्हरांड्यात थांबते. आजोबा, तुम्ही आधी या.