नवीन बुश टाकले तरी सस्पेंशन चूं-चूं करतंय? मग हे बघा

नमस्कार मंडळी. ब्रेकच्या व्हिडिओखालच्या कमेंट्स वाचल्या, तर ब्रेकबद्दल विचारणारे कमी आणि "दादा, गाडी खड्ड्यात गेली की चूं-चूं करते, काय करू" हेच जास्त. एकाने तर प्रश्नच लिहिला नाही, नुसतं "कुईईई" टाईप करून पाठवलंय. समजलं भाऊ, पोचला आवाज. तर आज सस्पेंशन, आणि त्यातले बुश, म्हणजे सांध्यांत बसवलेले रबरी तुकडे.

बेसिक पटकन सांगतो कारण ते तुम्हाला माहितीच असणार. चूं-चूं, करकर म्हणजे रबर कोरडं घासतंय नाहीतर एखाद्या जॉइंटमधलं ग्रीस संपलंय. खट-खट म्हणजे कुठेतरी प्ले (ढिलेपणा) आलाय, बॉल जॉइंट (चाकाकडचा गोल फिरता सांधा) नाहीतर लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला जोडणारी छोटी दांडी). गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवलं आणि कर्रर्र होऊन मध्येच टण्ण वाजलं तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग बघा, स्प्रिंग अडकते आणि सुटते त्याचा तो आवाज. ब्रेकवर हलका पाय ठेवल्याबरोबर आवाज बदलला तर सस्पेंशनच्या नादाला लागूच नका, चाक खोलून पॅड बघा.

एक सोपी टेस्ट आहे, ती फार कमी लोक करतात. स्पीडब्रेकरवर दोन्ही पुढची चाकं एकदम चढवा, मग एखाद्या उंचवट्यावरून एकच चाक न्या. दोन्ही चाकं बरोबर वर गेली की स्टॅबिलायझर बारला, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूचं सस्पेंशन जोडणाऱ्या दांडीला, पीळ बसत नाही, एकच गेलं की बसतो. म्हणजे एकच चाक चढवल्यावर आवाज जास्त येत असेल तर आधी बारचे बुश आणि लिंक रॉड तपासायचे. फुकटची टेस्ट आहे, पाना पण उचलावा लागत नाही.

आता नेमका कुठला बुश ओरडतोय ते शोधायला पाणी घ्या. हो, साधं पाणी, थोडा साबण, स्प्रेच्या बाटलीत. इंजिन बंद, एकाने बॉनेटच्या बाजूने गाडी दाबून वरखाली हलवायची, दुसऱ्याने खाली वाकून ऐकायचं. एका बुशवर पाणी मारा, परत हलवा. गप्प झाला? सापडला. नाही झाला, पुढचा. एका वेळी एकच हां, सगळे एकदम भिजवले तर आवाज जाईल पण कोणाचा होता ते कळणार नाही. खूप जण लिहितात की पावसात आवाज बंद होतो आणि ऊन पडलं की परत सुरू. अहो मग पावसानेच तुमची टेस्ट करून दिली की, आवाज रबराचा आहे.

आणि आता माझं डोकं जिथे फिरतं ते. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे. कुठलाही आवाज आला की बुशवर फुस्स. आवाज जातो, मान्य, चार दिवस जातो. पण पेट्रोलियमवालं तेल साध्या रबराला फुगवतं, मऊ करतं, बुश आणखी लवकर जातो. मारायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस, आणि ते पण स्टॅबिलायझर बारच्या बुशला, जिथे बार रबरात सरकतो. (त्यातले पण काही बारला चिकटवलेलेच येतात, बघून घ्या.) लोअर आर्मच्या (चाकाकडचा भाग चॅसिसशी जोडणारा खालचा हात) बुशला बाहेरून ग्रीस चोपडून काही होत नाही, कारण तिथे सरकायला काही नाहीच.

हे बघा, हा लोअर आर्मचा बुश. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी, मधे रबर, आणि ते रबर दोन्ही नळ्यांना पक्कं चिकटवलेलं. बोल्ट टाईट केला की आतली नळी चॅसिसला जखडते, ती फिरत नाही. आर्म वरखाली होतो तो फक्त रबर पिळून. आता गाडी जॅकवर आहे, चाक लोंबकळतंय, आर्म पार खाली गेलाय, आणि तुम्ही त्याच अवस्थेत बोल्ट आवळला. गाडी जमिनीवर आली, आर्म वर गेला, आणि बुश ओल्या कपड्यासारखा पिळला गेला. गाडी पार्किंगमध्ये उभी असली तरी पिळलेलाच. मग खड्ड्यात आणखी पिळणार, करकरणार आणि शेवटी नळीपासून सुटणार.

माझ्या मावसभावाच्या गाडीचं हेच झालं. गॅरेजमधून नवीन बुश टाकून आणले, काही महिन्यांत परत करकर, म्हणे पार्ट डुप्लिकेट निघाला. खोलून बघितलं तर पार्ट चांगल्या कंपनीचा, रबर मात्र एकाच बाजूने गोल फाटलेलं. पिळून फाटलं की असंच फाटतं.

यावर एका दादांनी मागे लिहिलं होतं, "बोल्ट टाईट म्हणजे टाईट, वर काय आणि खाली काय, उगाच घाबरवू नका." दादा, प्रश्न किती टाईट हा नाहीये. टॉर्क रेंचने (किती आवळलं ते दाखवणारा पाना) अगदी बरोबर आवळा, पण आर्म चुकीच्या जागी असताना आवळलात तर चूक पण तेवढीच पक्की बसणार. हां, पॉलियुरेथेनचे बुश असतील तर वेगळं, त्यात आतली नळी फिरते, त्यांना ही भानगड नाही, पण त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतं नाहीतर तेच सगळ्यात जास्त ओरडतात.

करायचं कसं? गाडी उचलायच्या आधी, सपाट जागेवर, चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या, लिहून ठेवा. काम करताना गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर खाली घुसायचं नाही, हे दर व्हिडिओत सांगतो आणि तरी लोक घुसतात. बुश बसवले, बोल्ट हाताने लावले, आवळायचे नाहीत. आता आर्मखाली दुसरा जॅक लावून हळूहळू वर घ्या, हबच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) मध्यापासून फेंडरपर्यंत तेच माप येईपर्यंत, आणि मग आवळा. माप यायच्या आधीच गाडी स्टँडवरून उचलली जातेय असं वाटलं तर थांबा, त्यापेक्षा चाकं लावून गाडी रॅम्पवर चढवा आणि तिथे आवळा. ज्यांचे बुश नवीन आहेत आणि तरी आवाज येतोय, त्यांनी नवीन पार्ट मागवायच्या आधी एवढंच करा, आर्मचे बोल्ट सैल करा, गाडी चाकांवर उभी असताना थोडी दाबून हलवा, परत आवळा. रबर फाटलं नसेल तर बऱ्याचदा तिथेच काम होतं.

बॉल जॉइंटचं मात्र वेगळं. बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटलाय, चाक हलवल्यावर प्ले लागतोय, तर पाणी-बिणी, ग्रीस-बिस काही नाही, बदला. तो निखळला की चाक आडवं पडतं, आणि ते चालत्या गाडीत होतं.

आणि "एकाच बाजूचा बुश गेलाय, दुसरा ठेवू का" विचारणाऱ्यांना, दोन्ही बदला, दोघांनी किलोमीटर सारखेच खाल्लेत. आर्म खोलला की नंतर अलाइनमेंट करून घ्या. कुईईई लिहिणाऱ्या भावाने पाण्याची टेस्ट करून कुठला बुश निघाला ते लिहा, यावेळी अक्षरात.