एका काचतंतूचा सूक्ष्मदर्शक

ठाण्यातील जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन

नमस्कार. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. तरीही ठाणे स्टेशनबाहेरच्या टपऱ्यांवर सुपारी, मावा, तंबाखू-चुना कसा खपतो, ते मी तुम्हाला सांगायला नको. पुढचं दातांच्या डॉक्टरांना दिसतं. वर्षानुवर्षं सुपारी चघळणाऱ्याच्या गालाचं आतलं अस्तर ताठ होत जातं, तोंड उघडेनासं होतं, जेमतेम बोटभर फट उरते. त्यात पांढरा चट्टा दिसला की कर्करोगाची शंका येते आणि बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, करावी लागते. चट्टा असतो चांगला ऐसपैस आणि काढायचा तुकडा काही मिलिमीटरचा. तो नेमका कुठून घ्यायचा? भलत्या जागचा घेतला तर रिपोर्ट चांगला येतो आणि शेजारी रोग वाढत राहतो. पेशी जागच्या जागी दिसल्या तर हा अंदाजपंचे कारभार कमी होईल. म्हणून मला या विषयाची तळमळ आहे.

प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक काही तोंडात मावत नाही. 1954 साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स आणि मूळचे पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या बारीक धाग्यांच्या, जुडग्यातून चित्र पाठवता येतं हे दाखवलं. तसे जुडग्याचे प्रोब, म्हणजे शरीरात घालायच्या बारीक नळ्या, आजही वापरतात, एकेकात 30,000 च्या घरात तंतू असतात. पण तिथे एक तंतू म्हणजे चित्राचा एक ठिपका. बारकावा वाढवायचा तर तंतू वाढवा, म्हणजे प्रोब जाड करा. शिवाय तंतूंमधल्या फटींची जाळी चित्रावर उमटते ती वेगळीच.

यावरचा तोडगा असा: तंतू एकच ठेवायचा आणि तो हलवायचा.

प्रोबच्या टोकाशी पिझो सिरॅमिकची बारीक नळी असते. तिच्यावर बाहेरून चार विद्युतपट्ट्या. विजेचा दाब दिला की नळी किंचित वाकते, अगदी नगण्य. नळीतून काही मिलिमीटर तंतू पुढे मोकळा सोडलेला असतो. सुमारे 125 मायक्रोमीटर जाडीच्या या तुकड्याची स्वतःची एक कंपनसंख्या असते, सेकंदाला काही हजार. नळी बरोबर त्या ठेक्यावर हलवली की तंतूचं टोक तिच्या कितीतरी पट झुलू लागतं. आडव्या आणि उभ्या पट्ट्यांना पाव आवर्तनाच्या फरकाने दाब दिला की टोक गोल फिरतं. दाब हळूहळू वाढवत नेला की चकली पाडावी तसं मध्यापासून बाहेर वेढे घेत जातं. तंतूच्या टोकातून निघणारा प्रकाशबिंदू पुढचं भिंग ऊतीवर टेकवतं, परतलेला प्रकाश क्षणाक्षणाला मोजला जातो आणि संगणक ठिपक्याला ठिपका जोडून चित्र उभं करतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात एरिक सायबेल यांच्या गटाने याच तत्त्वावर सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचा रंगीत एंडोस्कोप बनवला. तो पेशी दाखवत नाही, पृष्ठभाग दाखवतो. पण बोटभर फटीतून असं काही सहज आत जाऊ शकतं, हे त्याने सिद्ध केलं.

खरी परीक्षा डिंकाची असते. तंतू नळीत ज्या इपॉक्सीने बसवतात, तो एका बाजूला जरा जास्त लागला तरी आडवी आणि उभी कंपनसंख्या वेगळी होते आणि वर्तुळाचं अंडाकृती होतं. शरीराच्या उबेनेही ठेका सरकतो. म्हणून टोक प्रत्यक्षात कुठून कुठे जातं ते आधी मोजून ठेवतात आणि त्या नोंदीवरून चित्र सरळ करतात. हे चिकाटीचं काम आहे, आणि प्रोब चांगला की वाईट ते बरंचसं इथेच ठरतं.

पेशी पाहायच्या तर द्विफोटॉन पद्धत मला सगळ्यात आश्वासक वाटते. लेसरचे क्षणभंगुर स्पंद भिंग प्रकाश जिथे एकवटतं फक्त तिथेच इतके तीव्र होतात की दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकदम शोषले जातात, त्यामुळे उजळते ती तेवढीच जागा. पेशींमधली काही द्रव्यं स्वतःच चमकतात, रंग लावावा लागत नाही. आणि कोलॅजनचे धागे त्याच लेसरने आपला वेगळा संकेत देतात. सुपारीने ताठ झालेल्या गालात साचलेलं असतं ते कोलॅजनच! कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने 2011 मध्ये 3 मिलिमीटर जाडीच्या प्रोबने रंग न लावलेल्या ऊतींची अशी चित्रं घेतली. अडचण एवढीच की काचेतून जाताना हे स्पंद पसरतात आणि बोथट होतात, त्याची भरपाई आधीच करून ठेवावी लागते.

शेवटी एका ताईंनी विचारलं, “मग बायोप्सी टळेल का?” नाही, ताई. हा प्रकाश काही शे मायक्रोमीटर खोल पोचतो. गालाचं वरचं अस्तरच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि कर्करोग त्याचा तळ ओलांडून खाली उतरला का, हेच तर पाहायचं असतं. जाड चट्ट्यात तो तळ दिसेलच असं नाही. एका वेळी दिसणारी जागाही मिलिमीटरहून लहान, त्यामुळे चट्टाभर प्रोब फिरवावा लागेल. निदान पॅथॉलॉजिस्टच करणार, तुकड्यावरूनच. तो तुकडा कुठून घ्यायचा, ते मात्र हा तंतू सांगू शकतो. तोपर्यंत तुमच्या घरात कुणाला दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, तर त्यांना दाखवायला घेऊन जा. टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोगाचं उपचार आणि संशोधन केंद्र खारघरला आहे, ठाण्याहून फार लांब नाही.