दांडिया बाजारातला जिना

(दृश्य: पहाटेचं सूरसागर तळं, मग दांडिया बाजारातली गल्ली, जुन्या घराचं दार)

बडोद्यात दांडिया बाजारात माझ्या काकांचं घर आहे. आत शिरलं की समोरच लाकडी जिना. सतरा पायऱ्या, उभ्या चढणीच्या, आणि धरायला वरून सोडलेला दोर. काका चाळीस वर्षं हा जिना दोराला हात न लावता चढले. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात रविवारची सेव उसळ.

गेल्या श्रावणात त्यांनी दोर धरला. आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही. काकूंच्या आलं.

काकांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, हे त्याआधी आठ महिने आम्हाला ठाऊक होतं. आयुष्यात विडीला हात न लावलेला माणूस. तपासणीत ईजीएफआर नावाचा जनुकीय बदल सापडला. फुप्फुसाच्या अॅडिनोकार्सिनोमा या प्रकारात आपल्याकडे साधारण चारांतल्या एका रुग्णात तो सापडतो, आणि त्यावर रोज घ्यायची गोळी असते. गोळी सुरू झाली, खोकला थांबला, वजन वाढलं. त्यामुळे पाठ दुखायला लागली तेव्हा सगळ्यांनी दोष दिला तो गादीला. मग वयाला. ओळखीच्या एका डॉक्टरांनीही वयच सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या.

तीन आठवडे आम्ही तेल चोळलं. शेकाची पिशवी दिली. मालीशवाल्यालाही घरी बोलावलं. आज त्याची आठवण झाली की माझ्या अंगावर काटा येतो.

(दृश्य: कण्याचा एमआरआय, प्रकाशपेटीवर)

फुप्फुसाचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेल्या दर दहा रुग्णांपैकी तीन ते चार जणांच्या हाडांत तो पोहोचतो. कण्याचे मणके, बरगड्या, कमरेची हाडं, मांडीच्या हाडाचं वरचं टोक, ही त्याची नेहमीची ठिकाणं.

तिथे गेल्यावर तो करतो काय? आमच्यासारख्या जुन्या घरात राहणाऱ्याला पहिली आठवते ती वाळवी. पण वाळवी बाहेरून येते आणि स्वतः लाकूड खाते. इथे घरचाच सुतार फितवला जातो. आपलं हाड रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं. मोडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. कॅन्सरच्या पेशी मोडणाऱ्यांना चिथावतात. हाड विरघळतं तेव्हा त्यात साठलेली वाढीची द्रव्यं मोकळी होतात, आणि त्यांवर कॅन्सर आणखी पोसला जातो. पोसला की पुन्हा चिथावणी. फुप्फुस ताब्यात आहे असं वाटत असताना हाडात हे चालू राहू शकतं.

या दुखण्याची ओळख पटण्यासारखी असते. साधी कंबरदुखी आडवं झालं की उतरते. हे दुखणं बऱ्याचदा आडवं झाल्यावर, रात्री चढतं. खोकला, शिंक आली की कळ जाते. काका रात्री दोन वाजता उठून खुर्चीत बसायचे, आणि काकूंना सांगायचे, "झोप येत नाही गं, तू झोप."

डॉक्टरांना त्यांनी हे कधी सांगितलंच नाही. गोळी लागू पडतेय म्हणून डॉक्टर खूश आहेत, त्यांचा हिरमोड कशाला! किती घरांत हे असंच घडत असेल.

(दृश्य: रात्र, जिन्यावरचा दिवा)

मग ती रात्र आली. काका बाथरूमला जायला उठले आणि पलंगाची कड धरून उभे राहिले. म्हणाले, "पाय कापसाचे झालेत." लघवीही होत नव्हती.

मणक्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूवर दाब येतो तेव्हा हे होतं. पाय जड पडतात, बधिर होतात, लघवी अडते किंवा कळत नाही. इथे दिवस नव्हे, तास मोजायचे असतात. उपचार सुरू होताना जो माणूस चालत असतो, तो बहुतेक वेळा पुढेही चालतो. पाय पूर्ण गेल्यावर पोहोचणाऱ्याचे पाय परत येतीलच असं नाही. सकाळी ओपीडीत दाखवू, हे वाक्य त्या रात्री आमच्याही तोंडात आलं होतं. काकूंनी ते ऐकून न घेता फोन उचलला.

१०८ ची माणसं आली. त्यांनी काकांना बसू दिलं नाही. दोघांनी खांदा आणि कंबर धरली, एकाने पाय, आणि ओंडका वळवावा तसं त्यांना अखंड एका कुशीवर घेऊन खाली फळी सरकवली. मग पट्टे आवळले. सतरा पायऱ्या उतरायला वीस मिनिटं लागली. दर पायरीला पुढचा माणूस म्हणायचा, "धीमे, धीमे." वरून लोंबणारा दोर काकांच्या कपाळाला लागून बाजूला झाला.

त्याच रात्री सूज उतरवणाऱ्या डेक्सामेथासोनचं इंजेक्शन आणि पूर्ण कण्याचा एमआरआय झाला. दुखत होता एक मणका, पण आजार तीन मणक्यांत निघाला. सकाळी रेडिएशन सुरू, पाच दिवस.

रेडिएशनबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मज्जारज्जूवर दाब नसेल, मोडण्याचा धोका नसेल, नुसतंच हाड दुखत असेल, तर पुष्कळदा ८ ग्रेची (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) एकच बैठक पुरते. दुखणं कमी करण्यात ती दहा दिवसांच्या रेडिएशनइतकीच चालते. पुढे पुन्हा द्यावं लागण्याची शक्यता थोडी जास्त, एवढाच फरक. नातेवाईकांना मात्र वाटतं, आपल्या माणसाला एकदाच दिलं, म्हणजे हात झटकले. तसं नसतं. पहिले एक-दोन दिवस कळ उलट वाढूही शकते, आणि खरा आराम पडायला दोन-तीन आठवडे जातात.

(दृश्य: सलाईनचा थेंब, जवळून)

हे झोलेड्रॉनिक अॅसिड. ४ मिलिग्रॅम, शिरेतून, किमान पंधरा मिनिटं. ते त्या मोडणाऱ्या पेशींना लगाम घालतं. देण्याआधी किडनीची तपासणी होते. दातही दाखवावे लागतात, कारण हे औषध चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड क्वचित भरूनच येत नाही. काकांची एक दाढ आधी काढावी लागली. किडनी साथ देत नसेल तर तसंच काम करणारं डेनोसुमॅब असतं, कातडीखाली, दर चार आठवड्यांनी. दोन्हींसोबत सहसा कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व, पण रक्त तपासूनच.

कारण कॅल्शियम वाढलेलंही असू शकतं. काकांच्या शेजारच्या खाटेवर एक बा, म्हणजे गुजराती आजी, होत्या. दिवसभर झोपायच्या, सारखं पाणी मागायच्या, पोट साफ नव्हतं, मुलाला भावाच्या नावाने हाक मारायच्या. मुलगा म्हणायचा, बा थकल्यात. रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलेलं निघालं. हाड विरघळतं तेव्हा ते रक्तातच उतरतं. भरपूर सलाईन आणि हेच झोलेड्रॉनिक अॅसिड दिलं. तिसऱ्या दिवशी बांनी मुलाला त्याच्या नावाने हाक मारून चहा मागितला.

मांडीत, जांघेत पाय टेकताच कळ येत असेल तर एक्स-रे लगेच काढावा. हाड मोडण्याआधी सळई घालता येते. मोडल्यावरची शस्त्रक्रिया जास्त अवघड.

आणि मॉर्फिन, तीव्र दुखण्यावरचं औषध. आमच्या घरात हा शब्द कुजबुजत उच्चारला गेला, शेवट आल्यासारखा. काकांना ते महिनाभर दर चार तासांनी दिलं, सोबत पोट साफ होण्याचं औषध. पहिल्याच आठवड्यात ते रात्रभर झोपले. रेडिएशनचा गुण आला तसा डोस उतरवत नेला, आणि एक दिवस मॉर्फिन बंद झालं. २०१४ साली कायदा बदलून ते रुग्णांपर्यंत पोहोचणं सोपं केलंय. ते मागायला घाबरू नका.

(दृश्य: खालची खोली, खिडकीशी पलंग, वॉकर)

काकांचा पलंग आता खाली आहे. गोळी बदलली आहे. कॅन्सर आहेच. पुढचं स्कॅन दिवाळीनंतर.

रोज चार वाजता फिजिओथेरपिस्ट मुलगी येते आणि काका जिन्यापाशी जातात. काल मी विचारलं, "काका, किती?"

"तीन पायऱ्या," ते म्हणाले.

वरून काकूंचा आवाज आला, "दोर धरून!"