परळचं केईएम : रांगेतून घडलेलं वैद्यकशास्त्र

मंडळी, आज मुंबईतल्या परळच्या केईएमबद्दल, म्हणजे किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयाबद्दल बोलायचं आहे. पुण्याचं केईएम वेगळं; व्याख्यान संपल्यावर कुणीतरी हमखास विचारतं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

नाव राजाचं, देणगी शेटजींची, वस्ती गिरणी कामगारांची आणि कारभार महापालिकेचा. 1926 साली हे इस्पितळ सुरू झालं, तेव्हाचा जमाखर्च हा असा. नाव सातव्या एडवर्डच्या स्मरणार्थ होतं. पण सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी पैसे देताना एक अट घातली होती. इथे शिकवणारे सगळे भारतीयच असतील, अशी ती अट. इंग्रज राजाच्या नावाच्या इस्पितळाला ही अट! मला तर या सगळ्या इतिहासात तिच्याइतकी चलाख गोष्ट दुसरी दिसत नाही.

अशी अट घालावी का लागली? मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय 1845 पासून होतंच. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या तुकडीतले. म्हणजे आपली माणसं डॉक्टर होत होती, नाव कमावत होती. पण प्राध्यापकीच्या मोठ्या जागा बहुतेक इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडेच राहायच्या. लंडनची उच्च पदवी घेऊन आलेल्या माणसालाही ते दार सहज उघडत नसे. परळला ते उघडलं. पहिले डीन डॉ. जीवराज मेहता. हे गांधीजींच्या निकटचे, आणि पुढे 1960 साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. मिठाच्या सत्याग्रहाची चर्चा आपण खूप करतो. स्वराज्याची तालीम परळच्या वॉर्डातही चालली होती, याची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही.

आता गर्दीकडे येऊ. केईएमची ओपीडी पाहिलेला माणूस तिथून दमूनच बाहेर पडतो. केसपेपरची रांग, तपासणीची रांग, औषधांची रांग. सुमारे अठराशे खाटा, तरी इमर्जन्सीच्या दिवशी दोन खाटांच्या मधल्या जागेत गादी पडतेच. यात काही रम्य आहे असं मी म्हणणार नाही. रोग्याच्या वाट्याला हाल येतात आणि ते कमी व्हायलाच हवेत. पण तिथे जे ज्ञान तयार झालं, ते याच गर्दीतून झालं, हेही तितकंच खरं.

1952 साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद केली. साध्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ दिसतं, पण ओ गटाचं रक्तही त्याला चालत नाही. कारण ओ गटात असणारा ‘एच’ नावाचा घटकच त्यात नसतो. आज जगभर त्याला ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असा गट निघतो. इतकी दुर्मिळ गोष्ट नजरेस पडायला समोरून माणसंही तितकीच जावी लागतात, आणि रक्त जुळत नाही म्हटल्यावर ‘चूक झाली असेल’ म्हणून बाटली बाजूला न ठेवणारा कुणीतरी प्रयोगशाळेत असावा लागतो.

त्याच्या तीन वर्षं आधी डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाब वाढलेल्या 50 रुग्णांना सर्पगंधा देऊन काय झालं, ते ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे जुन्या काळापासून वापरात होती. वकिलांनी शिस्तीत मोजमाप केलं, आणि मग पाश्चात्त्य डॉक्टरही तिच्याकडे वळले. 1986 साली डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून इथेच टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, तेव्हा महापालिकेचं इस्पितळ देशभरच्या वर्तमानपत्रांत गेलं.

परिचारिकांबद्दल बोललं नाही तर हे सगळं एकांगी होईल. अरुणा शानभाग इथल्याच परिचारिका. 1973 साली याच इस्पितळात त्यांच्यावर अत्याचार झाला आणि त्या कधीच शुद्धीवर आल्या नाहीत. 2015 साली त्या गेल्या, तोवर चार दशकांहून अधिक काळ इथल्या सिस्टर त्यांचं सगळं करत राहिल्या. पिढ्या बदलल्या, सेवा थांबली नाही. 2011 साली त्यांच्या इच्छामरणाच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क इथल्या कर्मचाऱ्यांचाच मानला. इच्छामरणाच्या बाजूने कुणी काहीही म्हणो, हा निकाल वाचताना मला त्या सिस्टरांचा विचार आधी येतो.

शेवटी शिकवण्याबद्दल. राउंडला युनिटचे सर पुढे, मागे लेक्चरर, मग रेसिडेंट, आणि सर्वांत मागे मान उंचावून बघणारी विद्यार्थी मुलं. रुग्णाच्या पोटावर हात ठेवून प्लीहा कशी लागते, हे पुस्तकातून कळत नाही. तो रुग्ण ते शिकवू देतो, पाचव्यांदाही. आज इमारती चकचकीत पण खाटा रिकाम्या, अशी मेडिकल कॉलेजं कमी नाहीत. म्हणून सरकारी किंवा पालिकेची रुग्णालयं खासगी भागीदारीत चालवण्याची गोष्ट निघाली की मी एवढंच विचारतो : केसपेपरच्या रांगेतला माणूस तिथे आत येईल का? नसेल येणार, तर राउंडला त्या मुलांनी उभं राहायचं कुणाच्या खाटेशी?