थंड इंजिनची तपासणी

विकायला काढलेली जुनी गाडी अनेकदा गिऱ्हाईक येण्यापूर्वीच एक फेरी मारून आणलेली असते. गरम इंजिन सहज सुरू होते आणि आवाजही दबलेला असतो. त्यामुळे त्याचे खरे दुखणे व्यवहार पूर्ण झाल्यावर, गाडी रात्रभर दारात उभी राहिली की मगच कळते.

म्हणूनच पेट्रोलवर चालणारी ही गाडी काल संध्याकाळीच गॅरेजमध्ये आणून ठेवली आहे. स्टार्टर मारताच सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट निघतो आणि मिनिटभरात विरतो. व्हॉल्व्हच्या झिजलेल्या सीलमधून रात्रभर सिलिंडरमध्ये झिरपलेले ऑइल जळत असल्याची ही खूण आहे. घाट उतरताना ॲक्सिलरेटर बराच वेळ सोडून ठेवून पुन्हा दाबल्यावर असाच धूर दिसला, तर हा संशय बळावतो.

ऑइलच्या झाकणाखाली दुधी थर दिसला की हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले, ऑइल व कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव एकमेकांत मिसळू न देणारे सील) गेले, असे लगेच सांगितले जाते. ही घाई बरी नव्हे, कारण पावसाळ्यात आणि जवळच्या फेऱ्यांमध्ये नुसत्या दमटपणानेही तो थर जमतो. कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील किंवा कूलंट बाहेर कुठेही न गळता कमी होत असेल, तर मात्र ती शंका खरी मानावी. टाकीचे झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडावे.

गाडीच्या संगणकाला जोडलेल्या स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड न दिसणे पुरेसे नाही. कोड पुसले किंवा काही गाड्यांत बॅटरी काढली, की गाडीच्या संगणकाने स्वतः केलेल्या चाचण्यांच्या नोंदीही जातात. त्या अपूर्ण दिसल्या, तर काही दिवस गाडी चालवून स्कॅनर पुन्हा लावावा.

आता इंजिन गरम करून, सर्व स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब, मोजले जाते. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत ते कमी भरले, तर त्यांच्यामधले गॅस्केट जळालेले असण्याची शक्यता मोठी. एकाच सिलिंडरात कमी भरले, तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात: आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या आहेत, नाही चढला तर दोष बहुधा व्हॉल्व्हमध्ये आहे. व्हॉल्व्हचे काम हेड उतरवून होते, रिंगांसाठी मात्र पिस्टन बाहेर काढावे लागतात आणि खर्च त्याच हिशेबाने वाढतो. त्यामुळे मालकाने इंजिन उघडण्यास होकार देण्यापूर्वी हे आकडे सिलिंडरवार लिहून मागावेत.